निर्यात फ्रिगेट: किती बदल केल्यावर मूळ आराखडा उरत नाही?

गलबत

ऑगस्ट २०२५ च्या शेवटी नॉर्वेने ब्रिटनची टाइप २६ फ्रिगेट (मध्यम आकाराची युद्धनौका) निवडली. किमान पाच जहाजं, सुमारे १० अब्ज पौंडांचा व्यवहार. त्यात मला सर्वांत लक्षवेधी वाटली ती एक गोष्ट: ही जहाजं ब्रिटिश नौदलाच्या जहाजांशी शक्य तितकी तंतोतंत जुळणारी असतील.

याच आराखड्याचे आधीचे दोन गिऱ्हाईक अगदी उलट वाटेने गेले. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये हंटर वर्गासाठी तो घेतला आणि त्यावर स्वतःचं सीफार-२ रडार, रडार आणि शस्त्रं एकत्र चालवणारी अमेरिकी एजिस प्रणाली आणि मार्क ४१ च्या (क्षेपणास्त्रं उभी डागणाऱ्या) ३२ सेल बसवायला घेतल्या. कॅनडाने रिव्हर वर्गासाठी एसपीवाय-७ रडार निवडलं, एजिसला स्वतःच्या सीएमएस ३३० या युद्धव्यवस्थापन प्रणालीची जोड दिली. कागदावर तिघंही भावंडं. पण हंटरचं पूर्ण भारातलं विस्थापन, म्हणजे जहाजाचं वजन, १०,००० टनांच्या घरात पोचलंय आणि मूळ ब्रिटिश जहाज ८,००० च्या आसपास आहे.

माझं मत सरळ आहे. घेणाऱ्याने रडार बदललं की ते जहाज वेगळं झालं, मग नाव काहीही द्या. पटतंय का? आणि कोणते बदल खरोखर स्वस्तात होतात?

मचवा

रडारबद्दल सहमत. तोफ बदलणं त्यामानाने सोपं, कारण तोफेची बैठक ठरलेली असते आणि ती डेकजवळ असते. रडार सगळ्यात उंच बसतं.

सारंग

मचवा यांच्या मुद्द्याला आकडे जोडतो. जहाज ८,००० टनांचं धरा. गुरुत्वमध्याच्या २० मीटर वर ३० टन जास्तीचे चढवले, तर ३० गुणिले २० भागिले ८,०००, म्हणजे गुरुत्वमध्य साडेसात सेंटिमीटर वर सरकतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण या आकाराच्या जहाजाची मेटासेंट्रिक उंची, म्हणजे कलल्यावर पुन्हा सरळ होण्याची ताकद ज्यावर ठरते ते अंतर, साधारण एक-दीड मीटरच असतं. त्यातले साडेसात सेंटिमीटर एका फटक्यात गेले. शिवाय मास्ट उंच आणि रुंद झाला की वारा जास्त धरतो, वरच्या भागावर बर्फ साचला तर तेही वजन उंचावरच. एक-दोन कप्प्यांत पाणी शिरल्यावर जहाज किती कलेल याचं गणित मग नव्याने मांडावं लागतं.

मराठीत डोईजड म्हणतात ते इथे शब्दशः लागू आहे. मूळ टाइप २६ वर आर्टिसन हे एकच फिरणारं, तुलनेने हलकं रडार आहे. सीफार-२ मध्ये चारी बाजूंना न फिरणाऱ्या तबकड्या, त्याही वेगवेगळ्या तरंगपट्ट्यांसाठी वेगवेगळ्या.

वल्हेकरी

म्हणजे हंटर लांब केली ती यासाठीच ना? मूळ लांबी १४९.९ मीटर, हंटर १५१.४.

सारंग

नाही, हा गैरसमज बऱ्याच जणांचा असतो. लांबी वाढवली तर पाण्याच्या पातळीवरच्या आडव्या छेदाचं जडत्व आणि पाण्याखालचं आकारमान, दोन्ही एकाच प्रमाणात वाढतात. त्यामुळे स्थैर्य जवळजवळ तेवढंच राहतं. स्थैर्य मिळतं रुंदीतून. जडत्व रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं, आकारमान मात्र फक्त रुंदीच्या प्रमाणात. हंटरची रुंदी २०.८ वरून २१.४ मीटर झाली. बाकी सगळं तसंच धरलं तर यातून पाण्याखालच्या आकारमानाच्या केंद्रापासून मेटासेंटरचं अंतर साधारण ६ टक्के वाढतं. खरं काम ते ६० सेंटिमीटर करतात.

लांबी वाढवतात ती जागेसाठी. जनरेटर, शीतकरण यंत्रं, केबलच्या वाटा, कपाटं.

दीपगृह

आणि रुंदी वाढवली की प्रत्येक आडवी चौकट नव्याने आखायची. पत्र्याचे तुकडे बदलले, पाइपांची लांबी बदलली, वेल्डिंगचा क्रम बदलला. ‘तयार आराखडा घेतला’ यातला ‘तयार’ तिथेच संपला.

खारावारा

इथे सगळे ऑस्ट्रेलियाला मोडीत काढायला निघालेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. सीफार हे रडार त्यांच्या अँझॅक फ्रिगेटवर आधीपासून आहे. कॅनबेरातली कंपनी ते बनवते. दुरुस्ती, सुटे भाग, सॉफ्टवेअरचा स्रोत, प्रशिक्षित माणसं, सगळं देशात. उद्या नव्या प्रकारचं क्षेपणास्त्र ओळखायला रडारचं सॉफ्टवेअर बदलायचं असेल तर कुणाची परवानगी मागावी लागत नाही. एजिस त्यांच्या होबार्ट विनाशिकांवर आहे, म्हणजे खलाशी एका जहाजावरून दुसऱ्यावर गेला तर तोच पडदा दिसतो.

आर्टिसन घेतलं असतं तर जहाज लवकर आलं असतं, पण ऑस्ट्रेलियाला हवं असलेलं लांब पल्ल्याचं हवाई संरक्षण त्यातून मिळालं नसतं. गरज वेगळी असेल तर बदल होणारच.

गलबत

खारावारा, गरज वेगळी होती हे मान्य. पण मग ज्याचा मूळ हेतू शांतपणे पाणबुडी शोधण्याचा होता तो सांगाडा कशाला निवडायचा? २०२३ च्या लेखापरीक्षणातही हाच सूर होता की निवडप्रक्रियेत पैशाच्या मोबदल्याचा विचार पुरेसा झाला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये नऊची सहा जहाजं झाली.

खारावारा

कारण त्यांना पाणबुडी शोधणंही हवं होतं. दोन्ही एकाच जहाजात हवं असणं हा दोष म्हणता येईल, पण तो गिऱ्हाइकाच्या मागणीचा. आराखड्याला का दोष द्यायचा?

तांडेल

शांततेचा मुद्दा निघालाच आहे तर थोडं सविस्तर लिहितो, कारण निर्यात आवृत्तीत हीच गोष्ट नकळत हातची जाते.

टाइप २६ मध्ये एक एमटी३० गॅस टर्बाइन, चार डिझेल जनरेटर आणि दोन विद्युत मोटरी आहेत. पाणबुडी शोधताना टर्बाइन आणि गिअरबॉक्स बंद, शाफ्ट थेट मोटरीवर फिरतो. गिअरच्या दात्यांचा आवाज नाही. डिझेल जनरेटर कंपन शोषणाऱ्या बैठकीवर आणि आवाज कोंडणाऱ्या पेटीत. आता वर मोठं रडार आलं. ते जी वीज खातं तिचा मोठा भाग उष्णतेत जातो. ती उष्णता काढायला थंड पाण्याची यंत्रं, त्यांचे कॉम्प्रेसर, पंप, जाड पाइप. रडार चालू असेल तोवर हे सगळं चालू, म्हणजे नेमकं जहाज शांत हवं असतं तेव्हाही. प्रत्येक पंपाला लवचीक बैठक, प्रत्येक पाइपला लवचीक जोड. एखादा पाइप भिंतीतून जाताना घट्ट आवळला गेला तर बैठकीवर केलेला सगळा खर्च वाया, कारण कंपन त्या एका जागेतून हलमध्ये, म्हणजे जहाजाच्या सांगाड्यात, उतरतं. चाचणीत असा एकेक ‘पूल’ शोधून काढायला महिने जातात.

शिवाय विजेचा हिशेब. शांत गतीला मोटरी आणि रडार एकाच जनरेटरांवर जगतात. रडारचा वाटा वाढला की कमी जनरेटरांवर भागत नाही, आणखी एक सुरू करावा लागतो. आवाजाचा आणखी एक स्रोत तयार.

वल्हेकरी

तांडेल, वाचनखूण साठवली. पण दोन हजार टन वाढल्यावर वेगाचं काय? हंटर रखडतच चालणार.

सारंग

वाटतं तितकं नुकसान होत नाही. ढोबळ नियम असा की लागणारी शक्ती विस्थापनाच्या दोन-तृतीयांश घाताच्या आणि वेगाच्या घनाच्या प्रमाणात. विस्थापन २५ टक्के वाढलं आणि शक्ती तेवढीच राहिली तर वेग सुमारे ५ टक्के घटतो. २६ नॉटचे पावणेपंचवीस. रखडणं नव्हे हे.

खरं नुकसान राखीव वजनाचं. तीस वर्षांच्या सेवेत प्रत्येक युद्धनौका जड होत जाते: नवी केबल, नवी उपकरणं, रंगाचे थर. त्यासाठी सुरुवातीलाच काही टक्के राखून ठेवतात. ते पहिल्या दिवशीच खर्च झाले तर पुढच्या आधुनिकीकरणाला जागा राहत नाही.

मचवा

याचं सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेची कॉन्स्टेलेशन फ्रिगेट. टाइप २६ सोडून फ्रेम या फ्रान्स-इटलीच्या फ्रिगेटच्या इटालियन आवृत्तीकडे वळतो, पण धडा तोच.

एप्रिल २०२० मध्ये पहिल्या जहाजाचं कंत्राट, साडेएकोणऐंशी कोटी डॉलर. कल्पना अशी की चालत असलेला आराखडा घ्यायचा म्हणजे धोका कमी. सुरुवातीला मूळ फ्रेमशी ८५ टक्के साम्य राहील असं धरलं होतं, ते १५ टक्क्यांखाली गेलं. हल २३.६ फूट लांब केला, पुढच्या भागाचा आकार बदलला, तिथला सोनार काढला, एसपीवाय-६ रडार आणि एजिस आलं. ७६ मिलिमीटरच्या जागी ५७ ची तोफ. याखेरीज अमेरिकी नौदलाचे स्वतःचे नियम: आग, धक्का, पाण्याची गळती, केबल. एकेक नियम रास्त असेल, पण प्रत्येकाने कुठली ना कुठली भिंत हलवली.

बांधणी ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाली तेव्हा आराखडा पूर्ण नव्हता. मूळ दुखणं हे. मे २०२४ मधल्या सरकारी लेखापरीक्षणात वजन अंदाजापेक्षा किमान ७५९ टनांनी, म्हणजे जवळपास १३ टक्क्यांनी वाढल्याचं आणि पहिलं जहाज तीन वर्षं उशिरा, २०२९ मध्ये येणार असल्याचं नोंदवलं गेलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये नौदलाने हात आखडता घेतला. बांधणी चालू असलेली पहिली दोन जहाजं तेवढी ठेवली, पुढची चार रद्द.

सारंग

त्याच अहवालात वजनावर उपाय म्हणून वेगाची अट शिथिल करण्याचा विचारही नोंदला आहे. वरच्या सूत्राने १३ टक्के वाढीला वेग फक्त पाऊण नॉटने घटतो. म्हणजे वेगाची किंमत थोडी होती, वेळ आणि पैशाची मोठी.

दीपगृह

फ्रेमचाच विषय निघालाय तर त्याच्या खऱ्या निर्यात आवृत्त्या बघा. तिथे उलट घडलं. वाढवण्याऐवजी काढून टाकलं.

मोरोक्कोची ‘मोहम्मद सहावे’ २०१४ मध्ये मिळाली. फ्रेंच पाणबुडीविरोधी फ्रेमवर सिल्व्हर ए४३ च्या (क्षेपणास्त्रं उभी डागणाऱ्या) १६ नळ्या आणि ए७० च्या १६ नळ्या असतात. हा आकडा साधारण डेसिमीटरमध्ये लांबी सांगतो. ए४३ मध्ये ॲस्टर १५ हे हवाई संरक्षणाचं क्षेपणास्त्र मावतं, पल्ला ३० किलोमीटरच्या आसपास. ॲस्टर ३० ला लांब बूस्टर असल्यामुळे किमान ए५० हवी. ए७० ही जमिनीवर मारा करणाऱ्या लांब पल्ल्याच्या क्रूझ क्षेपणास्त्रासाठी. मोरोक्को आणि इजिप्त, दोघांनाही फक्त ए४३ च्या १६ नळ्या मिळाल्या. क्रूझ क्षेपणास्त्र विकायचं नव्हतं, त्यामुळे त्याच्या नळ्याही नाहीत.

अशा वेळी वजन कमी होतं, स्थैर्य सुधारतं, बांधणीला त्रास नाही. मात्र घेणाऱ्याने एक ध्यानात ठेवावं: नळीची खोली नंतर सहजासहजी वाढत नाही. खालच्या डेकची रचना त्या खोलीनुसार असते. आज ए४३ घेतलं आणि दहा वर्षांनी ॲस्टर ३० हवं झालं, तर डेक कापायची तयारी ठेवावी लागते.

खलाशी_७

मार्क ४१ चंही तसंच. तीन लांबीच्या आवृत्त्या आहेत: सुमारे ५.३, ६.८ आणि ७.७ मीटर. टाइप २६ वर सर्वांत लांब, २४ सेल. शिवाय सी सेप्टर या हवाई संरक्षण क्षेपणास्त्राच्या ४८ वेगळ्या. कॅनडाच्या रिव्हर वर्गावर २४. सुरुवातीला ३२ म्हटलं होतं.

गलबत

दीपगृह, इजिप्तचं जहाज तर फ्रेंच नौदलासाठीच बांधलेलं होतं ना?

दीपगृह

हो. ‘नॉर्मंडी’ म्हणून बांधलेलं जहाज २०१५ मध्ये ‘तह्या मिस्र’ झालं. फेब्रुवारीत करार, जूनमध्ये ताबा. एवढ्या घाईत आराखडा बदलणं अशक्य, म्हणून नाटोची संवेदनशील उपकरणं काढून घेतली आणि जहाज दिलं. पुढे इजिप्तने इटलीकडूनही दोन फ्रेम अशाच घेतल्या, इटालियन नौदलासाठी बांधलेल्या.

शीडवाला

म्हणजे नॉर्वे काही नवीन करत नाहीये. रांगेतली जागा विकत घेणं म्हणतात ते हे. ग्रीसच्या ‘किमॉन’ वर्गाचंही तेच: फ्रेंच एफडीआय फ्रिगेटच्या रांगेत मधल्या जागा ग्रीसला दिल्या, फ्रान्सची स्वतःची जहाजं मागे सरकली. पण ग्रीकांनी ए५० च्या ३२ नळ्या घेतल्या, फ्रेंच जहाजावर १६. जहाजाच्या पुढच्या भागात या जास्तीच्या नळ्यांची जागा आराखड्यात आधीच आखलेली होती, म्हणून हा बदल पचला.

वर विचारलं होतं ना, कोणते बदल स्वस्त? ज्यांची जागा, वीज आणि वजन मूळ आराखडाकाराने आधीच राखून ठेवलंय ते.

मचवा

+१. या धाग्यातला सर्वांत कामाचा प्रतिसाद.

वल्हेकरी

मग ॲरोहेड १४० या निर्यात आराखड्याबद्दल काय मत? पोलंड आणि इंडोनेशिया दोघांनी घेतलंय. ब्रिटनची टाइप ३१ तीच.

तांडेल

त्याचं मूळ डेन्मार्कच्या इव्हर हुइटफेल्ट वर्गात आहे, १३८.७ मीटरचा प्रशस्त हल. ब्रिटनने पाच जहाजं सरासरी २५ कोटी पौंडांत बांधायचं लक्ष्य ठेवलं, शस्त्रं मोजकीच. त्याच हलवर पोलंड मिएचनिक प्रकल्पात मार्क ४१ च्या ३२ सेल बसवतंय. हे जमतं कारण डॅनिश जहाज मुळातच हवाई संरक्षणाचं होतं, ३२ सेल आणि मोठी रडारं घेऊन फिरणारं. म्हणजे पोलंड आराखड्याला मूळपदाकडे नेतंय, ब्रिटनने त्यातून काढून घेतलं होतं.

मात्र त्याला चार डिझेल इंजिनं थेट गिअरबॉक्समधून शाफ्टला जोडलेली. शांततेच्या बाबतीत टाइप २६ शी बरोबरी नाही. निर्यातीला तो हल सोपा पडतो याचं एक कारण हेही आहे, की बदल करताना जपायला तितकी नाजूक शांतता त्यात नाही.

मीठागर

सगळे पश्चिमेकडे बघतायत, म्हणून तलवार वर्गाची आठवण करून देतो. निर्यात आवृत्तीचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

सोव्हिएत क्रिव्हाक-३ वरून रशियाने प्रकल्प ११३५६ भारतासाठी तयार केला. पहिली तीन जहाजं सेंट पीटर्सबर्गहून २००३-०४ मध्ये, पुढची तीन कॅलिनिनग्राडच्या यांतर गोदीतून २०१२-१३ मध्ये. दुसऱ्या तुकडीत क्लब क्षेपणास्त्राच्या जागी ब्राह्मोस आलं. मग रशियाच्या नौदलानेच काळ्या समुद्रासाठी तोच आराखडा घेतला, ॲडमिरल ग्रिगोरोविच वर्ग. निर्यातीसाठी केलेलं जहाज उलट घरी आलं.

आणि अडकलं कुठे? टर्बाइन युक्रेनच्या झोर्या-माशप्रोएक्तची. २०१४ नंतर युक्रेनने रशियाला टर्बाइन देणं बंद केलं. तीन हल तयार, इंजिन नाही. दुसऱ्या देशाचं टर्बाइन घालायचं तर गिअरबॉक्स, पाया, हवा आत घेण्याचे आणि धूर बाहेर टाकण्याचे मार्ग, सगळं बदलायचं, म्हणजे पुन्हा वरची चर्चा. तोडगा असा निघाला की भारताने युक्रेनकडून टर्बाइन घेऊन रशियाला पोचवली. त्यातली दोन जहाजं ‘तुशील’ (९ डिसेंबर २०२४) आणि ‘तमाल’ (१ जुलै २०२५) म्हणून कॅलिनिनग्राडमध्ये भारतीय नौदलात दाखल झाली. आणखी दोन गोवा शिपयार्डमध्ये बांधली जातायत.

खारावारा

उत्तम प्रतिसाद. मी वर परवानगीचा मुद्दा मांडला होता, तो इथे इंजिनाच्या रूपात आला. निर्यात फ्रिगेट म्हणजे तीन-चार देशांच्या परवानग्यांची मोळी. मार्क ४१ हवं तर अमेरिकेची मंजुरी, टर्बाइनला तिच्या देशाची.

शीडवाला

मेको विसरू नका. जर्मन ब्लोम उंड फॉसने शस्त्रं आणि इलेक्ट्रॉनिक्स ठरलेल्या मापाच्या कप्प्यांत बसवायची पद्धत आणली, ती याच रोगावर औषध म्हणून. नायजेरियाच्या ‘अराडू’पासून तुर्कस्तान, पोर्तुगाल, ग्रीस, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, अल्जीरिया, इजिप्त, एवढी गिऱ्हाइकं. कप्प्याचं माप, वीज आणि थंड पाण्याची जोडणी ठरलेली. आत काय ठेवायचं ते घेणाऱ्याचं.

सारंग

पद्धत चांगली आहे, पण कप्पा गुरुत्वमध्य ठरवू शकत नाही. जड रडार कप्प्यात ठेवा नाहीतर नटबोल्टने बसवा, उंची तीच.

गलबत

मूळ प्रश्नाकडे येतो. शीडवाला यांच्या उत्तराने माझं मत थोडं बदललं. रडार बदललं की जहाज वेगळं, असं सरसकट म्हणता येणार नाही. राखीव जागा संपवणारं रडार आलं की वेगळं. पण मग नॉर्वेसारख्या ‘जसंच्या तसं’ गिऱ्हाइकाला काहीच बदलावं लागणार नाही का? त्यांच्याकडे एनएसएम क्षेपणास्त्र आहे, पण ते आता ब्रिटिश नौदलाकडेही आहे. हेलिकॉप्टरचं काय? ब्रिटनचं मर्लिन आणि वाइल्डकॅट, नॉर्वेने घेतलंय एमएच-६०आर सीहॉक.

तांडेल

हँगरची अडचण नाही. तो मर्लिनसाठी मापलाय आणि मर्लिन सीहॉकपेक्षा मोठं आहे. फरक डेकवर पकडण्याच्या पद्धतीत पडतो. वाइल्डकॅट उतरल्या उतरल्या पोटातला हारपून डेकवरच्या गोल जाळीत अडकवतं. सीहॉकला केबलने खाली ओढून रुळावरच्या चिमट्यात पकडायची पद्धत आहे, आणि तोच चिमटा त्याला हँगरमध्ये नेतो. रूळ डेकमध्ये खोबण करून बसतो, खाली विंच आणि तिची खोली लागते. म्हणजे हेलिडेकच्या खालच्या कप्प्याची रचना बदलते. त्या खोबणीतून समुद्राचं पाणी मुरून पत्रा गंजतो, म्हणून निचऱ्याचे नळही लागतात. टॉर्पेडो वेगळा असेल तर दारूगोळ्याच्या कोठारातल्या घोड्या बदलायच्या.

हे सगळं पाण्याच्या पातळीपासून फार वर नाही, त्यामुळे स्थैर्याला धक्का नाही. आणि हंटरवरही एमएच-६०आरच आहे. म्हणजे या हलवर सीहॉक कसं बसवायचं त्याची रेखाचित्रं ऑस्ट्रेलियासाठी काढावीच लागली असणार.